गाव बांधलं त्या दिवशी

गुरुवारी दुपारी मनकर्णाबाई गहाणे यांच्या गडचिरोलीतल्या कचेरीत एक मुलगी आली. समोर ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासाला तिने हातही लावला नाही.

“बाई, माह्या घरात कोणीतरी घुसलं होतं,” ती म्हणाली. “चोरलं काईच नाई. माही परीक्षा तेवढी मारून टाकली.”

कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या गुणवंतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर म्हणून काढलेला हा गृहस्थ निवृत्तीनंतर बाईंचा मदतनीस झाला होता. मदत म्हणजे मुख्यतः बसच्या वेळा सांगणं. बाईंनी एका कार्यालयाची कॉम्प्युटर खोली अठरा वर्षं सांभाळली होती आणि मग खासगी तपासाची पाटी लावली होती. लोक खोटं बोलले की त्यांना वाईट वाटत नसे, उलट हुरूप येत असे.

मुलगी कुरखेड्याजवळच्या पांगरटोल्याची, दीपाली मडावी. पुण्याच्या एका संस्थेत बियाणे संशोधनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, शिष्यवृत्तीसकट. त्याची प्रवेश परीक्षा रविवारी, घरूनच द्यायची. त्यासाठी संस्थेचं सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरवर टाकायचं आणि शुक्रवारी पाचच्या आत तपासून घ्यायचं.

“मंगळवारपर्यंत कॉम्प्युटर चांगला होता. बुधवारी सांजीपासून काईच टाकता येत नाई. नव्वद टक्क्यांपर्यंत जाते अन् मरते. ‘इन्स्टॉलेशन पूर्ण होऊ शकले नाही.’ अँटिव्हायरस टाकायले गेली तर तो बी मरते.”

“सगळं पुसून नव्यानं भरायचं,” गुणवंतरावांनी सल्ला दिला.

“नोंदणी त्याच मशीनची हाय, काका. पुसलं का नोंदणी गेली. दुसरा मोका नाई, पुढल्या वर्षी माहं वय निघते.”

“संशय कोणावर?” बाईंनी विचारलं.

दीपालीने दोन नावं घेतली. रोशन, कुरखेड्याचा कॉम्प्युटर दुकानदार. त्याच्या घरून आलेलं स्थळ तिने गेल्या महिन्यात नाकारलं होतं, आणि सोमवारी तो कॅमेऱ्याची वायर द्यायला घरी आला होता. दुसरी चंचल, तिची मैत्रीण. तीही हीच परीक्षा देणार होती. मंगळवारी ती नोट्स न्यायला आली होती.

“अन् घरात कोण कोण?”

“मी अन् माय. बाबा नाईत. मोठा भाऊ कोलू गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात हाय. दिवाळीपासून आला नाई. हा कॉम्प्युटर जानेवारीत जुनाच घेतला, तो बी त्यानं पाह्यला नाई. काल त्याले मेसेज टाकला.” तिने मोबाईल पुढे केला. मेसेज एवढाच होता : ‘कॉम्प्युटर बिघडला, ये.’ खाली त्याचं आज सकाळचं उत्तर : ‘उद्या येतो.’

“सकाळी सहाची बस आहे,” गुणवंतराव म्हणाले. मदत झाली.

---

शुक्रवारी सकाळी रोशनचं दुकान उघडता उघडताच दोघं दारात उभे राहिले. तपासाचं नाव ऐकताच त्याचा चेहरा उतरला.

“मी फोनवरच सांगतलं तिले, हार्ड डिस्क गेली. नवी टाका.”

“न पाहता सांगतलं?”

“धंदा हाय, बाई.” तो खाली पाहत म्हणाला. “बुधवारी दिवसभर मी दुकानातच होतो. विचारा कोणालेही.”

“सोमवारी कॉम्प्युटरले हात लावला?”

“माजघरात बी नेलं नाई तिनं मले. ओसरीवरूनच वायर घेतली.” ते मात्र त्याला फार लागलेलं दिसत होतं.

चंचल दुकानापासून चार घरं पलीकडे राहायची. ती आधी रडली आणि मग चिडली. “जागा वीस हायत, बाई. तिले पाडून माही एक जागा वाढते का? बुधवारी तर मी निघाली होती तिच्याकडे, शिवेवरूनच परत आली. गाव बांधलेलं होतं.”

“म्हणजे?” गुणवंतरावांनी विचारलं.

“गावबांधणी. रोगराई येऊ नये म्हणून शिवेवर दोरी लावतात, आंब्याची पानं बांधून. सूर्य बुडेपर्यंत कोणी आत नाई, कोणी बाहेर नाई. मले काय ठाऊक होतं? दोरी पाह्यली तेव्हा समजलं.”

बाहेर पडल्यावर गुणवंतराव हलक्या आवाजात म्हणाले, “रोशनच. नकार मिळालेला माणूस लई वाईट, बाई.”

“तुमाले किती नकार आले होते, गुणवंतराव?”

गुणवंतरावांनी पांगरटोला येईपर्यंत बसच्या वेळांचाच विषय काढला.

---

घर शाकारलेलं, अंगण सारवलेलं. दीपालीची आई बुधरीबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. दोन्ही गुडघ्यांवर नवेकोरे पट्टे.

“पोरानं धाडले,” तिने कौतुकाने सांगितलं. “सोमवारी, बसच्या ड्रायव्हरजवळ. एका थैलीत पट्टे अन् गोळ्या. चालता येत नाई मले बाई, आंगणाच्या पलीकडे नाई जात.” मग जरा थांबून तिने विचारलं, “माही गोंडी रेला गाणी तरी लागतील का आता त्याच्यावर?”

“मायले मीच शिकवलं,” दीपाली म्हणाली. “दोनदा टिचकी मारली का गाणं सुरू.”

बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. पंधरा मिनिटं त्या नुसत्या पाहत होत्या. कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप काय काय चालू होतं त्याची यादी त्यांनी काढली आणि एका नावावर बोट ठेवलं.

“हा प्रिंटरचा प्रोग्राम. प्रिंटर कुठी हाय तुह्या घरी?”

“नाईच.”

“मग हाच. प्रिंटरचं सोंग घेऊन बसला अन् कोणालेच घरात घेत नाई.” त्यांनी नोंदी उघडल्या. “हा पेनड्राइव्हमधून आला. बुधवारी, सकाळी नऊ चाळीसले.”

दीपालीचा चेहरा पांढरा पडला. “नऊ चाळीसले अख्खं गाव शिवेवर होतं. घराघरातले सगळे. दोरी लागलेली होती. कोणी आत येऊच शकत नाई, बाई. अन् गावातलं माणूस त्या दिवशी गर्दीतून उठून आलं तर गावचा पुजारी, भुमका, जागेवर धरते.”

“कालच काऊन नाई सांगतलं, त्या दिवशी गाव बांधलं म्हणून?”

“मले वाटलं, जे झालं ते सोमवारी नाई तर मंगळवारीच झालं.” ती ओशाळली. “तारीख ठरलेली नसते. भुमका आदल्या दिवशी सांजीले हाक देते, उद्या गाव बांधायचं. मंगळवारी दिवेलागणीले दिली. त्या दिवशी सकाळपासून चूल बी पेटत नाई, शिवेवरून परत आल्यावरच पेटते.”

“मग घर रिकामंच होतं,” गुणवंतरावांनी निष्कर्ष काढला. “भूत आलं म्हणायचं.”

बाई भिंग लावून पेनड्राइव्हच्या खाचेत डोकावत होत्या. सुईच्या टोकाने त्यांनी आतून करडी भुकटी काढली, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी.

“चुलीची राख,” गुणवंतराव म्हणाले.

“असेल.” बाईंनी ती बाटलीच्या झाकणात टाकली, वर पाण्याचा एक थेंब सोडला आणि झाकण खिडकीत ठेवलं. “फेकू नका हे.”

---

दुपारी अडीचला फाट्यावर बस थांबली. उतरला एकच माणूस. तिशीचा, पाठीवर पिशवी, चपलांच्या शिवणीत करडी धूळ. बाई आणि गुणवंतराव झाडाखाली उभेच होते.

“कोलू मडावी? दीपालीनं बोलावलं आमाले. चालता चालता दोन गोष्टी विचारतो.”

“विचारा ना.”

“घरी फोन कधी केला होता शेवटचा?”

“पंधरा-वीस दिवस झाले असतील. नेटवर्कच लागत नाई इकडे.”

“तो कॉम्प्युटर पाह्यला तुमी?”

“कुठी पाह्यला! आज पाहीन.”

“बुधवारी सकाळी कोणी घरात आलं असेल का? तुमाले काय वाटते?”

“बुधवारी कोण येईन, बाई? गाव बांधलेलं होतं.”

“अस्सं,” बाई म्हणाल्या, आणि घर येईपर्यंत त्यांनी भातपिकाची चौकशी केली. गुणवंतरावांना वाटलं, बाई थकल्या.

घरी आल्यावर मात्र त्या तासभर मशीनसमोरून उठल्या नाहीत. सोंगाड्या प्रोग्राम आधी बंद केला, मग त्याची मूळ फाइल काढली, कॉम्प्युटर सुरू होताच त्याला पुन्हा जागं करणारी नोंद पुसली. यातलं एकही सुटलं असतं तर तो परत आला असता. मग संस्थेचं सॉफ्टवेअर लावलं. ऐंशी टक्के, नव्वद. दीपालीने डोळे मिटून घेतले. एक्क्याण्णव, आणि मग शंभर. चार वाजून दहा मिनिटांनी संस्थेचा हिरवा शिक्का पडद्यावर आला.

दीपाली हसली, पण लगेच तिचा चेहरा पुन्हा कसनुसा झाला. “ज्यानं केलं तो रविवारी पुन्हा करीन, बाई.”

“म्हणून तर बसलो. दार लोटा.”

---

ओसरीवर पाचजण होते. बाईंनी खिडकीतलं झाकण आणून मधोमध ठेवलं.

“पहिली गोष्ट. रोशनचा अन् चंचलचा नाद सोडा. नऊ चाळीसले दोघं दोरीच्या पलीकडे होते. हात आतलाच पाह्यजे. अन् सकाळपासून मले जो तो सांगून राह्यला, घर रिकामं होतं. पण ज्या बाईले आंगणाच्या पलीकडे जाता येत नाई ते शिवेवर कशी जाईल?”

सगळ्यांनी बुधरीबाईकडे पाहिलं. ती पदराचा काठ चिमटीत धरून बसली होती.

“माय?” दीपालीला धड हसूही येईना. “मायले काय समजते त्यातलं?”

“दोनदा टिचकी मारणं समजते. तूच शिकवलं.”

“पण काऊन करीन ते?”

“कोणीतरी सांगतलं म्हणून. अन् त्यात काय हाय ते तिले ठाऊक नव्हतं. आता सांगणारा कोण, ते पाहा.” बाईंनी झाकण पालथं केलं आणि टिचकी मारली. करडा कण टणकन जमिनीवर पडला, फुटला नाही. “गुणवंतराव, राख भिजली का चिखल होते. हे दगड झालं. हे सिमेंट. या गावात सिमेंटचं एक बी घर नाई. पेनड्राइव्ह ज्याच्या खिशात राह्यला त्याचा खिसा कारखान्यातला. सोमवारी थैलीतून पट्टे आले, गोळ्या आल्या, अन् तिसरी वस्तू बी आली.”

कोलू उठून उभा राहिला. “सिमेंट कुठूनही येते, बाई. कॉम्प्युटर जुना हाय.”

“येते ना. म्हणून तेवढ्यावर मी बोलली नसती. पण फाट्यावर तुमी मले सांगतलं का बुधवारी गाव बांधलेलं होतं. तारीख कोणत्या कॅलेंडरात नसते. मंगळवारी दिवेलागणीले भुमक्यानं हाक दिली तेव्हा गावाले समजलं. चंचल तीन कोसांवर राहते, तिले दोरी दिसेपर्यंत पत्ता नव्हता. दीपालीच्या मेसेजात ते नाई. बसमधून तुमी एकटे उतरले अन् पहिले भेटलो आमी. पंधरा दिवस घरी फोन न केलेल्या माणसाले गडचांदूरले बसून हे कसं समजलं?”

कोलूची नजर खुंटीकडे गेली.

“मंगळवारी रात्री तुमचा आईले फोन झाला. तिनं सांगतलं, उद्या सगळे जातील, मी एकटीच हाय. तिचा मोबाईल त्या खुंटीवर हाय. मी पाह्यला नाई. पाहू?”

“पाहू नका,” बुधरीबाई म्हणाली. “मीच लावलं. कोणी सांगतलं नाई मले.”

“माय, गप,” कोलू म्हणाला आणि मटकन खाली बसला.

बुधरीबाईने कमरेची चंची सोडली. तंबाखूच्या पानातून बोटभर काळी वस्तू काढून तिने बाईंसमोर ठेवली. “काम झालं का चुलीत टाक म्हणतलं त्यानं. पण चूल कुठी पेटते त्या दिवशी? मग राहून गेलं.”

“काय सांगतलं होतं, त्यात काय हाय म्हणून?”

“तिच्या बाबाचे फोटो. दीपालीले अचानक दिसले पाह्यजे, सांगू नको म्हणे.”

दीपाली भावाकडे पाहत राहिली. “बाबाच्या नावानं, दादा?”

“दोन महिन्यांत मले कायम करणार हायत,” कोलू जमिनीकडे पाहत म्हणाला. “सहा वर्षं धूळ खाल्ली त्यासाठी. तू पुण्याले गेली तर मायपाशी कोण? मलेच यावं लागीन. कारखान्यातल्या एका पोट्ट्यानं ते करून दिलं. तुहं वाईट नव्हतं करायचं. एवढी एक परीक्षा जाऊ द्यायची होती.”

“एवढी एकच होती, दादा.”

गुणवंतरावांना कुठे पाहावं कळेना. त्यांनी चष्मा काढून उगाच पुसला.

“मी जात नाई पुण्याले,” दीपाली म्हणाली.

“जा तू. मी येतो घरी,” कोलू म्हणाला.

“झालं दोघांचं?” बुधरीबाईचा आवाज एकदम चढला. “मायपाशी कोण, मायपाशी कोण! मायले इचारलं का कोणी? त्या दिवशी मी घरात बसली होती ते कोणाले दिसलं नाई. आज समोर बसली तरी दिसून नाई राह्यली. माही बहीण मागच्या घरी हाय, दोन सांजा ते येते. मी बिनपोराची नाई, पण पोरांच्या गळ्यात बी नाई पडली अजून.”

मग तिने कोलूकडे वळून विचारलं, “त्याच्यात फोटो नव्हता ना रे?”

“नाई, माय.”

“मले बी वाटलंच होतं. तुह्या बापानं कधी फोटो काढला होता का?” ती थांबली. “फोटोसाठी नाई लावलं म्या. तू सांगतलं म्हणून लावलं.”

कोलूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सहा वर्षांत सुपरवायझरच्या शिव्यांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. तो लहान पोरासारखा रडला आणि त्याला कोणी उगी केलं नाही.

“पोलिसात द्यायचं का?” बाईंनी दीपालीला हळूच विचारलं. तिने आईकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

“मी सांगते त्याले काय करायचं ते,” बुधरीबाई म्हणाली. “रविवारपर्यंत इथीच राह्यचं. ते आत परीक्षा देईन, तू दारात बसशील. मंग जाशील आपल्या कामावर.”

रविवारी दहा ते एक कोलू उंबऱ्याशी बसून होता. गुणवंतरावांनी खुशाली विचारायला केलेला फोन त्याने वाजू न देता बंद केला. अंगणात आलेल्या कोंबड्या त्याने हातानेच हाकलल्या, तोंडातून आवाज काढला नाही. दोन दिवस आई त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. एक वाजता दीपाली बाहेर आली. पेपर बरा गेल्याचं तिने आईला सांगितलं, मग जरा थांबून त्यालाही सांगितलं. तेव्हा बुधरीबाई भिंतीला धरून उठली. तिने ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं आणि त्याचं जेवण होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.