ताडपत्रीचा चौथा कोपरा

मानेवर गार पाण्याचा सपकारा बसला, तशी संघमित्रा दचकून मागे वळली. आत्ताच दोरीवर टांगलेला तिचा अबोली गाऊनही ठिपक्याठिपक्यांनी भिजला होता.

"ओ भाजीवाले! डोळे कुठे ठेवलेत?"

"भाजीवर," शेजारचा उंचच उंच मुलगा म्हणाला. हातात मग, समोर लाल माठाच्या जुड्या. "सॉरी हं... पण पाणी नाही मारलं तर माठ मान टाकतो."

"आणि मारलं तर माझा गाऊन मान टाकतो!"

जुन्या जागेचा रस्ता खणला, म्हणून संघमित्राला बोरिवलीच्या या बाजारगल्लीत यावं लागलं होतं. बाबांचा गाऊनचा धंदा आता तीच बघायची. शेजार तेवढा बरा मिळावा एवढीच तिची इच्छा होती, आणि मिळाला हा! नाव फ्लॉयड. खाडीपलीकडच्या गोराईचा. इथे खरं तर त्याची आई आयडा बसायची. जेट्टीवर घसरून तिचा पाय मोडला, म्हणून गोव्याच्या हॉटेलात स्वयंपाक करणारा हा लेक रजा घेऊन भाजी विकत होता.

इतक्यात वारा सुटला. दोरीवरचे गाऊन फुगले आणि एका जांभळ्या गाऊनने दोन्ही बाह्या पसरून फ्लॉयडला गच्च मिठी मारली.

"बघा, भर बाजारात!" गाऊनच्या आतून आवाज आला. "आता माझ्याशी लग्न कोण करणार?"

"तोच गाऊन करेल. घेऊन जा!"

हसायचं नाही असं ठरवूनही संघमित्राला हसू फुटलंच.

पठ्ठ्या भाजी मांडायचा म्हणजे नुसती ओतायचा. भेंडीवर काकडी, काकडीखाली मुळा. शेवटी संघमित्राच्याने बघवेना. एका सकाळी ती पदर... छे, ओढणी खोचून त्याच्या गोणपाटावर बसली. तांबड्या माठाशेजारी पांढरे मुळे लावले, कडेने लिंबांची रांग केली.

"गिऱ्हाईक चालता चालता बघतं रे. लांबून रंग दिसला तरच पाय थांबतो त्याचा."

"माझा थांबलाच ना," फ्लॉयड पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"लिंबं... लिंबं झकास दिसतायत म्हटलं."

ऑगस्टच्या सरी वाढल्या. संघमित्राचं मेणकापड जागोजागी फाटलेलं, म्हणून फ्लॉयडने आपली निळी ताडपत्री तिच्या गाऊनवरही ओढली. तीन कोपरे मागच्या आणि बाजूच्या भिंतीच्या खिळ्यांना, चौथा पुढच्या बांबूला. उतार कुणाकडे द्यायचा यावरून दोघं कडाकडा भांडली आणि शेवटी पाणी मागच्या गटाराकडे काढलं. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की फ्लॉयड हल्ली पाणी शिंपडतच नाही. जुड्यांवर ओलं गोणपाट टाकतो... तेही गाऊनकडे पाठ करून. तेव्हापासून ती चहा सांगताना 'एक'ऐवजी 'दोन' म्हणू लागली.

आणि एका दुपारी तो खाली मान घालून म्हणाला, "आईचं प्लास्टर निघालं. सोमवारपासून ती बसेल. मी... गोव्याला."

"बरं झालं. सुटले माझे गाऊन!" संघमित्रा म्हणाली. आणि त्यानंतर तिने एका सडपातळ बाईंच्या पिशवीत डबल एक्सेल गाऊन भरला.

रविवारी, त्याच्या शेवटच्या दिवशी, आभाळच फाटलं. सोसाट्याचा वारा आला आणि कडाड्‌कन बांबू मोडला! ताडपत्री गाऊनवर कोसळणार, तोच फ्लॉयडने उडी मारून चौथा कोपरा दोन्ही हातांनी वर धरला. आडोशाला चार बायका आत शिरल्या. संघमित्रा एकटीच भाजीही विकू लागली, गाऊनही.

"मित्रा..." थोड्या वेळाने तो कळवळून म्हणाला, "नाक खाजतंय गं."

"मग?"

"मग काय! हात आहेत का मला?"

इकडेतिकडे बघत तिने बोट पुढे केलं. "इथे?"

"डावीकडे... जरा वर... हां."

हां झालं, तरी बोट तिथेच राहिलं. त्याच्या पापण्यांवर थेंब होते. एवढ्या जवळून तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं... आणि नाक खाजवताना कुणी श्वास रोखून धरतं का?

"काय चाललंय?"

काठी टेकत, छत्री सांभाळत आयडा उभी होती. उद्यापासून बसायचं म्हणून जागा बघायला आली होती.

"आई, बांबू मोडला..."

"ते दिसतंय मला. तू मित्रा ना गो? हा घरी येऊन रोज तुझंच सांगतो. मित्राने लिंबं अशी लावली, मित्रा आज अशी चिडली. माझा पाय राहिला बाजूला!"

"आई!"

"काय आई? हात वर आहेत, तोंड तर मोकळं आहे ना? विचार की तिला!"

"विचार रे बाबा लवकर," माठाची जुडी छातीशी धरून एक बाई म्हणाल्या. "पाऊस थांबला तर आम्हाला जावं लागेल."

फ्लॉयडचे कान माठापेक्षा लाल झाले. "मी गोव्याला नाही गेलो, तर... हॉटेलं काय, इथेही आहेत. पण तू इथेच आहेस ना... म्हणजे मी राहिलो, तर चालेल तुला?"

संघमित्राच्या हातातून हँगर निसटला.

"चालेल काय," ती म्हणाली, "पळेल!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने त्या आनंदात दोन गाऊन घेतले.

पाऊस उघडला. बायका पांगल्या, आयडा गोणपाटावर टेकली, गल्लीत ऊन सांडलं. फ्लॉयड मात्र हात वर करून उभाच.

"थांबला पाऊस," संघमित्रा म्हणाली.

"माहितीये."

"मग हात खाली घे ना, वेड्या!"

"खाली घेतले तर तुझा हात धरीन," तो हळूच म्हणाला. "आणि आई बसलीय."

आयडाने गोणपाटावर बसल्या बसल्याच पाठ फिरवली आणि एक मुळा उचलला.

"मी मुळे निवडतेय," ती भिंतीला म्हणाली. "मला मेलीला मागचं काही दिसत नाही."