तोर्गिल्सचा हातमोजा

हे खरं आहे. खोटं मी आयुष्यात एकदाच बोललो, आणि ते चांगलंच अंगाशी आलं.

संत उलाफच्या जत्रेचा आदला दिवस. भर दुपार. निदारोसची टांकसाळ.

त्याआधी बरेच दिवस चांदीत तांबं मिसळून उरलेली चांदी मी लांबवत होतो. बोभाटा झाला तेव्हा मी नाव सांगितलं तोर्गिल्सचं, माझ्या मेव्हण्याचं; तोही इथेच कामाला होता. त्याचा उजवा हात मनगटापासून तोडला आणि रिवाजाप्रमाणे टांकसाळीच्या दारावर खिळ्याने ठोकला. तिसऱ्या दिवशी तो गेला. मी रोज त्याच हाताखालून कामावर जायचो.

त्या दुपारी माझी चामड्याची गादी फाटली. आमची नाणी इतकी पातळ, की फुंकर मारली तर उडतील. खाली मऊ चामडं नसेल तर ठसा उमटायच्या आधीच चिरतात.

बाकाखाली तोर्गिल्सचा हातमोजा पडला होता. माझ्या बायकोने भावासाठी शिवलेला. तोच घडी करून खाली घातला, वर चार चकत्या ठेवल्या. डाव्या हातात ठसा धरला, उजव्याने हातोडा मारला.

आवाज ओला आला...

नाणी उलटली. मागच्या खळग्यांत रक्त भरलं होतं.

टांकसाळीचे प्रमुख आइंद्रिदे म्हणाले, "हाल्क्येल, बोट कापलं की काय?"

माझी दहाही बोटं शाबूत होती.

नाणी पुसली. पुन्हा हातोडा उचलला. तोच खालून आवाज आला... तोर्गिल्स मला नेहमी चिडवायचा तसाच.

"दाजी, जरा हळू. नाणं आहे, बैल नाही."

मोजा आपोआप उलगडला. त्याच्या बोटांनी माझा डावा हात ठशासकट आवळून धरला.

आणि माझा उजवा हात... तो माझं ऐकेना.

हातोडा माझ्याच बोटांवर आला. एकदा. दोनदा. हाडं फुटलेली मला ऐकू आली. मी ओरडत होतो आणि मीच मारत होतो.

"तांबं मी मिसळलं," शेवटी माझ्या तोंडून निघालं.

हातोडा थांबला.

तोर्गिल्सचा हात उतरवून त्याच्या शेजारी पुरला. त्या जागी माझा उजवा ठोकला. झालं ते न्यायाचंच झालं, माझी तक्रार नाही.

मोजा मात्र त्या गडबडीत कुठे गेला, कुणालाच कळलं नाही.

काल बायको टांकसाळीवरून आली. म्हणाली, "दारावरच्या तुमच्या हातात मोजा आहे. शिलाई माझी आहे."

मी म्हणालो, कुणीतरी चढवला असेल.

"खिळा उपसल्याशिवाय? तो तर जागचा हललेलाही नाही."

आज दुपारपासून माझी नसलेली बोटं घामेजतायत... चामड्यात कोंडल्यासारखी.