बाटलेल्या विहिरीची माती

भट्टीतून काढलेल्या कपबश्या गार होताना बोलतात. टिण्, टिण्. मातीपेक्षा वरचं ग्लेझ, म्हणजे काचेचा लेप, जास्त आकसलं की ते तडकतं आणि कपावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. गावच्या कुंभारकाम केंद्रातला आमोस हे सरकारी खर्चाने शिकून आला होता, उपायासकट : ग्लेझमध्ये गारगोटीची पूड वाढवायची. त्याने वाढवली. पुन्हा वाढवली. भट्टी सावकाश निववली. घोडेगावच्या मातीवर तेच ग्लेझ आरशासारखं बसलं. या मातीवर मात्र टिण्, टिण्.

ही माती आप्पासाहेबांची देणगी. बहात्तरच्या उन्हाळ्यात गावात ओल उरली होती ती त्यांच्याच विहिरीला. आमोसची आत्या रेबेका रिकामी घागर घेऊन काठावर बसायची, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. बाप्तिस्म्याने तिला स्वर्ग मिळाला होता, पोहरा नव्हे. एके दिवशी कुणीच ओतलं नाही, तेव्हा ती स्वतः पायऱ्या उतरली. सापडली तेव्हा तिचं तोंड तळच्या चिखलात रुतलेलं होतं.

विहीर बाटली. आप्पासाहेबांनी तळ खरवडून घेतला, पूजा घातली आणि निघालेला चिखल कुंभारकाम केंद्राला दान केला. केंद्राचे अध्यक्ष तेच असल्यामुळे सत्काराची अडचण आली नाही.

आता तपासणीला साहेब येणार होते. कप गळके निघाले तर केंद्र बंद, आणि आमोस-हन्नाने दुष्काळी कामावर खडी फोडायची.

"आत्याला तान लागलीय," हन्ना म्हणाली.

"कपाला तहान लागत नाही. कप गळतो," आमोस बायकोला म्हणाला आणि सिद्ध करायला त्याने कपात पाणी ओतलं. पाणी उतरत गेलं. संपलं.

त्याने कप उचलला. खालची बशी कोरडी होती.

साहेब आले. कप उन्हात धरून म्हणाले, "अध्यक्ष, हे तडे?"

"नक्षी हाय ती, सायेब!" आप्पासाहेब हसले.

"आणि माती त्या विहिरीतली ना? तुम्ही पिणार यातून?"

"भाजल्यावर इटाळ जळतो. ए आमोस, वत चहा. काठोकाठ वत, हात आखडू नको."

त्यांनी एका दमात कप रिकामा केला.

टिणटिण थांबली.

साहेबांनी हातातला कप फिरवून पाहिला. एकही रेघ नव्हती. त्यांनी दुसरा उचलला, तिसरा उचलला. "उत्तम," म्हणाले आणि तिथेच मंजुरीची सही केली. आमोसची नोकरी वाचली. त्याला आनंद व्हायला हवा होता.

"पानी आन गं," आप्पासाहेब हन्नाला म्हणाले. कुणाच्या हातचं, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

तिने तांब्या आणला. त्यांनी ओंजळ पुढे केली. तिने वरून ओतलं.

"आनखी."

तिने ओतलं.

"अगं, वत की!"

तांब्या रिकामा झाला होता. ओंजळ कोरडी होती. खालची जमीनही.

कपबश्या गप्प होत्या.

टिण्.

आवाज खुर्चीत बसलेल्या आप्पासाहेबांच्या अंगातून आला.