ठकूची माय

शालू बाळंत होऊन एकविसावा दिवस होता, आणि लेकरू रडून रडून निळं पडायला आलं तरी ती भिंतीकडे तोंड करून तशीच पडून होती... हात नुसता लांबवला असता तर लेकराला लागला असता, पण तो हात काही हलेना!

उंबऱ्याबाहेर तिची थोरली जाऊ, सुभद्रा, उभी होती. अकरा वर्षांपूर्वी तिची एकुलती लेक ठकू तीन महिन्यांची होऊन गेली, पुन्हा कूस उजवली नाही, आणि अशा बाईची सावली बाळंतिणीवर पडू नये हा त्या घरचा कायदा. उंद्री गावात बाईला लेकराच्या नावानं हाक मारायची रीत होती. ठकू गेली त्या दिवसापासून सुभद्रेला 'ठकूची माय' कुणी म्हटलं नव्हतं.

"बाहेरचं लागलं हाये तिले," सासूबाई चुलीपाशी धाकट्या लेकाला, उत्तमरावाला, सांगत होत्या. "उद्या पुंजाजी भगत येईन, मिरच्याची धुरी देईन. अन् सुभद्रेले अमडापूरले माहेरी धाडून दे. तिचीच नजर असंन."

उत्तमराव लोकलबोर्डाच्या शाळेत मास्तर. साठ पोरं त्याच्या छडीला भीत, आणि तो आईला. बायकोकडे एकदा बघून त्यानं मान खाली घातली.

स्वतःवरचा आळ सुभद्रेला नवा नव्हता. पण तो मिरच्यांचा धूर शालूच्या, त्या आईवेगळ्या पोरीच्या, नाकातोंडात जाणार... आणि मग ती जन्मात कुणाला मनातलं काही सांगणार नाही! तिनं उंबरा ओलांडला, लेकराला छातीशी धरलं आणि शालूच्या उशाशी बसली.

"काय होऊन राह्यलं व तुले? मले सांग."

शालू भिंतीकडे बघतच बोलली. "बाई, हे लेकरू मले माहं वाटतच नाई. रडते त कुठं तरी निघून जावं वाटते. कोनाले देऊन टाका याले... मी माय व्हायच्या लायकीची नाई."

"आत पाय ठेवलाच तू?" दारात सासूबाई उभ्या होत्या.

"ठेवला, आत्याबाई." सुभद्रा उठली नाही. जे चितेपर्यंत मनात न्यायचं ठरवलं होतं ते आज बोललं, तर गावभर आपल्याकडे बोटं दाखवतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं. "ठकूच्या वक्ताले मलेही असंच झालं होतं. दूध पाजतानी वाटे, कोनाचं हाये हे लेकरू? कोनाले सांगितलं नाई. मंग ती हसाले लागली, अन् माया आली, आत्याबाई. उशिरा आली, पन आली... अन् म्हैनाभरात ती तापानं गेली. अकरा सालं झाली, मले रोज वाटते, माया उशिरा केली म्हनून गेली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "हिले धुरी देऊ नका. झोपू द्या, उन्हात बसू द्या. लेकरू मी सांभाळतो, पाजाले तेवढं आनतो."

शालूनं भिंतीकडचं तोंड वळवलं. "बाई... तुमालेही?" आणि एकवीस दिवस अडलेलं रडू फुटलं. दोघी जावा गळ्यात पडून रडल्या, मधे चेंगरलेलं लेकरू तिसरं.

सासूबाई कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून होत्या. उठल्या तेव्हा लेकाला एवढंच म्हणाल्या, "पुंजाजीले येऊ नको म्हन."

शालू काही दुसऱ्या दिवशी बरी झाली नाही. दोन दिवस उठून बसे, तिसऱ्या दिवशी पुन्हा भिंत. पण एका दुपारी लेकराला शिंक आली आणि शालूनं आपसूक आपला पदर त्याच्या अंगावर ओढला. सुभद्रेनं पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं दाखवून ती डाळ निवडत राहिली.

चाळिसाव्या दिवशी बाळंतिणीनं विहीर पुजायची. पुढं चालून पूजेचं ताट धरायचा मान लेकुरवाळीचा. अंगणात आयाबाया जमल्या, तशी सुभद्रा नेहमीसारखी स्वयंपाकघरात सरकली.

सासूबाईंनी ताट उचललं. पुढं आलेल्या दोन-तीन हातांवरून त्यांची नजर फिरली.

"ठकूची माय कुठं हाये?" त्या म्हणाल्या. "बोलवा तिले. ताट तिच्याच हाती द्यायचं हाये."

सुभद्रेला आधी कळलंच नाही, कुणाला बोलावताहेत ते. मग तिनं ओले हात पदराला पुसले.

"आली, आत्याबाई," ती म्हणाली.