जळगाव जामोदचं बंदर

"मॅडम, एक बंदर काढून पाहिजे होतं."

मी क्लासमधल्या मुलांची चित्रं तपासत होते; मान वर न करताच विचारलं, "झाडावरचं की पत्र्यावरचं?"

दारातून अगदी जपून प्रश्न आला, "झाडावरचं बंदर कसं असते जी?"

"शेपटी खाली सोडून बसतं. नेहमीसारखं."

हसू दाबल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मी वर पाहिलं. उंच, सावळा, हातात हेल्मेट. डोळे मात्र मनसोक्त हसत होते.

"माकड नाही मॅडम. जहाजं लागतात ना, ते बंदर."

माझे कान तापले. पण चूक माझी एकटीची नव्हती. आमच्या जळगाव जामोदात सातपुड्यावरून टोळ्या उतरतात, पत्र्यांवर धिंगाणा घालतात, आणि सगळं गाव ओरडतं — बंदर आले! जहाजं इथं कोण बघायला गेलंय?

त्याचं नाव प्रसेनजित. उरणजवळच्या बंदरात तो क्रेन चालवायचा. दुसऱ्याच कुठल्या तरी बंदरात क्रेन कोसळल्याची बातमी त्याच्या आईनं, जनकाबाईंनी, टीव्हीवर पाहिली. आजारी आहे म्हणून त्याला गावी बोलावून घेतलं आणि आल्या दिवशी त्याची बॅग लपवून ठेवली.

"म्हणते, जे मले दिसत नाही तिथं तुले धाडत नाही. आमाले आत मोबाइल नेता येत नाही. नेटवरचे फोटो दाखवले, तं म्हणते, मोबाइलात वाघही चहा पेते."

"मग माझ्या चित्रावर कसा विश्वास ठेवतील?"

"तिच्यासमोर बसून काढसान तं ठेवन. मधीमधी तिले इचारता येईन ना... हे काय, ते काय."

"पण मी समुद्र पाहिलेला नाही."

"मी पाह्यला. मी सांगतो, तुमी काढा."

कुणाच्या घरी जाऊन चित्र काढून द्यायला मी एरवी नाही म्हणते. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक — दुसऱ्याच संध्याकाळी बोर्ड आणि पेन्सिली घेऊन मी त्यांच्या ओसरीत बसले होते. जनकाबाई समोर तूरडाळ निवडत होत्या. एक डोळा सुपात, एक कागदावर.

प्रसेनजित सांगत गेला. आधी धक्का, मग धक्क्याला टेकलेलं जहाज, जहाजावर रचलेले कंटेनर, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर मान काढून उभ्या क्रेन. मी हलक्या रेघांनी जागा धरत होते, नंतर मऊ पेन्सिलीनं सावल्या भरत होते.

"तू कुठं बसते?" जनकाबाईंनी विचारलं.

त्यानं क्रेनच्या पार वरच्या टोकाशी बोट ठेवलं. त्यांचा हात सुपात थांबला.

"चढते कसा?"

"लिफ्ट हाय माय. आन् वर काचेची खोली. एसी."

"ते काढ वं पोरी, खोली. दार नीट काढजो. कडी काढ."

मी कडी काढली. मग त्याला विचारलं, "माणूस केवढा काढू?"

"मुंगीएवढा."

"मग चेहरा कसा दिसणार?"

"चेहरा पाह्यचा असन तं समोर बसला हाय ना मॅडम..."

माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. जनकाबाई डाळीत बघून गालात हसल्या.

असं रोज चाललं. मी पाणी काढायला घेतलं की अडायचं. लाटा काढल्या तर तो म्हणायचा, खाडीत अशा लाटा नसतात. कोरं सोडलं तर म्हणायचा, एवढं उजळ नसतं, चहासारखं असतं. एकदा चित्र रंगात आलेलं असताना श्रावणातली सर अचानक आडवी ओसरीत शिरली. मी बोर्ड उचलेपर्यंत तो कागदावर ओणवा झाला होता. पाठ निथळत होती, कागदावर थेंबही नव्हता... आणि त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून एवढासा दूर. दोघंही हललो नाही. सर गेली तरी.

चित्र झालं तेव्हा जनकाबाईंनी ते पुष्कळ वेळ पाहिलं. मग उठल्या आणि धान्याच्या कोठीमागून बॅग आणून ठेवली.

"जाय. पण हे पोरगी मले सून करून दे. तिच्या बापाले मी इचारतो. ते राहीन इथं माह्यापाशी, तू कर तिकडे नोकरी."

प्रसेनजितनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं तेव्हा! मी पेन्सिल खाली ठेवली.

"मावशी, तुमचा पोरगा मले आवडते. पण तो तिकडे आन् मी इथं, असं नाही जमणार. आन् हो पण आत्ता नाही म्हणत. आधी मी बंदर पाहीन. माह्या डोयानं."

जनकाबाई सूप उचलून आत निघून गेल्या.

बसस्टँडवर त्याला सोडायला मीच गेले. तो रागावला होता. "काऊन असं बोलली तू?" त्यानं पहिल्यांदाच मला 'तू' म्हटलं.

"तू सांगितलं ते मी काढलं. त्यात माझी रेघ कुठंय? चित्रात चालून जाईल. जन्म कसा काढू मी दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकून?"

नांदुऱ्याची बस लागली. तो पायरीवर चढला, थांबला, वळला.

"मग ये. मी हाव तिथं."

घरी हे सांगितलं तर बाबा कडाडले. लग्नाआधी पोरीनं तिकडे जायचं? मी वाद घातला नाही. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि सरळ जनकाबाईंच्या ओसरीत जाऊन बसले. मी 'आधी बंदर पाहीन' म्हटलं त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद होतं.

"मावशी, चला माह्यासंगं. तुमी असल्यावर कोण काय बोलन?"

त्यांनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मले भेव वाटते वं त्या पाण्याचं."

"मलेही वाटते."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "गाडी किती वाजता हाय?"

दशम्या, ठेचा आणि दोन पोलकी बांधून आम्ही नांदुऱ्याहून रेल्वेत बसलो. माझं तिकीट मी माझ्या क्लासच्या पैशांतून काढलं होतं.

बंदराच्या आत आम्हाला जाता येणार नव्हतं. प्रसेनजित आम्हाला कोळ्यांच्या जेट्टीवर घेऊन गेला. ओहोटी सुरू होती. होड्या चिखलात एका अंगावर कलल्या होत्या. मासळीचा, डिझेलचा आणि ओल्या दोरखंडांचा वास एकमेकांत मिसळला होता. आणि पलीकडे, धुरकट उन्हात, त्याच्या क्रेन!

जनकाबाईंनी डोळ्यांवर हात धरला. "तिथं बसते तू?"

"हाव माय."

त्या पाहत राहिल्या. पदरानं डोळे पुसले. मग मागे सुकट विकणारी बाई दिसली, आणि त्या तिच्याशी भाव करायला निघून गेल्या... मुद्दामच, हे आम्हा दोघांनाही कळलं.

मी वही उघडली. पाणी एकसारखं हलत होतं. एक रेघ पकडावी तोवर दुसरीच चमकायची. पण ती चमक मला दिसत होती, कुणी सांगायची गरज नव्हती. मी काढत राहिले. तो शेजारी बसून वाट पाहत राहिला.

"आता तरी सांग, मंजुश्री..."

"इथं खोली पाह्यजे. मावशीसाठी वेगळा पलंग, जेव्हा येतीन तेव्हा. मी इथं क्लास काढीन. आन् सुट्टीच्या दिवशी मले नवा धक्का दाखवायचा, दर खेपी."

"आन्?"

"आन् काय?"

"मी इचारलं त्याचं काय?"

मी पेन्सिल कानामागे खोचली. शिशानं काळी झालेली माझी बोटं त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती घट्ट धरली.

"हाव," मी म्हटलं, "आता हाव!"