बाही अर्धा इंच आखूड

शिवणयंत्रांच्या प्रदर्शनात ती खरं तर फक्त सुया घ्यायला आली होती. पण एका स्टॉलवर कॉम्प्युटर फ्रॉकचं कटिंग आखत होता. मापं टाकली, की पुऱ्या आकाराचा नमुना कागदावर छापून तयार! तिचे पाय तिथेच थबकले.

“हे लिनक्सवर होतं?”

स्टॉलवरच्या तरुणाने चष्मा सावरला. सॉफ्टवेअर त्यानेच लिहिलं होतं. “नाही... म्हणजे, शिवणकाम करणारं कुणी लिनक्स वापरत असेल, असं वाटलंच नव्हतं.”

“मी वापरते ना! दादाने विंडोजच्या जागी बसवून दिलंय. कॉम्प्युटर म्हातारा आहे, पण एकदाही रुसलेला नाही. फोटो, गाणी, दुकानाची बिलं, सगळं होतं त्यावर. अडतं ते फक्त तुमचंच.”

ती फणकाऱ्याने वळली. मागून आवाज आला, “दुकान... कुठे आहे तुमचं?”

मग आपलं सॉफ्टवेअर तिच्या लिनक्सवर चालतं करायला तो दर शनिवारी येऊ लागला. ‘चार टाळक्यांसाठी कशाला उठाठेव’ म्हणून साहेबांनी हात झटकले होते, तेव्हा हे सगळं स्वतःच्या सुट्टीत. कात्र्या बाजूला सारून तो कॉम्प्युटरसमोर बसायचा, आणि छापलेला नमुना ती टेपने मोजायची. कधी गळा वाकडा यायचा, तर कधी कंबरच गायब! ती हसून हसून बेजार व्हायची. तो मात्र घोडं कुठे पेंड खातंय ते शोधत राहायचा. आपल्या एका जुन्या कॉम्प्युटरसाठी कुणी इतकी डोकेफोड करतं, याचं तिला फार कौतुक वाटे. आणि कौतुकाच्या जरा पलीकडलंही काहीतरी...

एका शनिवारी सगळं जमलं.

“झालं!” तो म्हणाला. “आता सगळ्या लिनक्सवाल्यांसाठी खुलं करतो.”

तिने टाळ्या वाजवल्या, आणि त्या मध्येच थांबल्या. झालं म्हणजे... आता हा कशाला येईल?

पुढचा शनिवार कोरडाच उजाडला. “फोन कर की,” काजं करता करता वहिनी म्हणाली. “कारणं काय, पैशाला पासरी!”

तिने फोन लावला. “बाही... अर्धा इंच आखूड येतेय.”

थोड्याच वेळात तो धापा टाकत हजर. वहिनीला नेमकी तेव्हाच बटणं आणायची आठवण झाली. त्याने नमुना छापला, टेप लावला. बाही अगदी बरोबर होती.

“मग... आधीचा कागदच आकसला असेल,” ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

“बाही चुकणं शक्यच नव्हतं. फोन आला तेव्हाच कळलं होतं मला.”

“मग धावत कशाला आलात?”

तो गडबडला. “लोकांचे आभाराचे निरोप येताहेत. छान वाटतं... पण करमत नाही. एखादी चूक मुद्दाम ठेवून द्यावी, असं शेवटी फार वाटलं होतं. नाही जमलं. त्यावर तुम्ही कापड कापणार होता.”

तिला भरून आलं. असा माणूस!

“मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “तुम्ही यावं म्हणून. मला तुम्ही आवडता.”

त्याने हातातला टेप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “मलाही... केव्हापासूनच.”

“तर मग आज कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.”

त्याने मुकाट्याने स्टूल फिरवलं, आणि पहिल्यांदाच पडद्याकडे पाठ करून बसला.