पंख्यातलं लाल कडं

मिरज सोडून गाडी हलली आणि दीप्ती कांबळेचा फोन वाजला.

"कुठं हायस तू?"

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीचे मालक विजयसिंह. ना नमस्कार, ना चमत्कार.

"साहेब, नागपूरहून येतेय. तासाभरात कारखान्यात पोचते."

"ये. वकील घेऊन आलीस तरी चालंल. कारखान्याचं नेटवर्क पुसलंस तू. नवमीला सकाळी दहा बावन्नला, तुझ्याच पासवर्डनं. कागद हाय माझ्यासमोर. चार वाजता मी पोलिसात चाललोय."

फोन बंद.

दीप्तीच्या मांडीवर दोनशे पानी वही उघडी होती. सात वर्षं ती त्या कारखान्याची नेटवर्क इंजिनिअर होती. तिच्या सर्टिफिकेटची मुदत या महिन्यात संपत होती आणि शनिवारी पुन्हा परीक्षा होती. दीक्षाभूमीवरच्या लाखोंच्या गर्दीतही तिनं ही वही पिशवीतून बाहेर काढली होती. आता तिच्यातलं एक अक्षरही दिसेना.

भाजीत मीठ जास्त पडलं तरी आचाऱ्याला पुढचं लग्न मिळतं. पण "हिनं नेटवर्क पुसलं" असं एकदा कानोकानी झालं की शिरोलीपासून पुण्यापर्यंत कुणी त्या बाईच्या हातात सर्व्हर रूमची किल्ली देत नाही. मग सर्टिफिकेट नवं असो की जुनं.

हातकणंगल्याला उतरून घरी पिशवी टाकायचंही तिला सुचलं नाही. ती तशीच रिक्षात बसली.

शिरोलीच्या त्या भागात एवढी धग असते, की चहा कपात ओतल्यावर पुन्हा उकळी फुटते असं म्हणतात. त्या दिवशी मात्र भट्टी थंड होती. गेटवर सुट्या भागांनी भरलेला ट्रक उभा होता. तपासणीचे कागद संगणकातून निघत नव्हते, त्यामुळे ड्रायव्हर टायरला टेकून घोरत होता.

दीप्तीनं सवयीनं हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला. एरवी "थँक्यू" म्हणणारी त्यातली बाई गप्प राहिली.

"सकाळपासनं मुकी झालीया ती," गेटवरचा कृष्णात म्हणाला. तिच्याकडे बघायचं त्यानं टाळलं. "मॅडम, वाईट वाटून घिऊ नका, पण साहेबांनी सांगितलंय, मी तुमच्या मागं मागं हिंडायचं."

मालकांच्या केबिनमध्ये ऋतुराज आधीच बसला होता. दोन महिन्यांपूर्वी आलेला आयटी प्रमुख. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर अकरा सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलेली. भिंत कमी पडली म्हणून बारावं कपाटावर उभं. दीप्तीचं एकच होतं, तेही फायलीत.

"मी सकाळी आठला आलो," ऋतुराज म्हणाला. "सगळे संगणक जोडणारा नेटवर्कचा स्विच मंद वाटला म्हणून कृष्णातच्या समोर बंद करून चालू केला. उठला तो कोरा. नोंद काढली तर हे." त्यानं कागद सरकवला. "नवमी, दहा बावन्न. दीप्ती कांबळे. स्मृती पुसली. बॅकअपसुद्धा पुसलाय."

"किल्लीच्या रजिस्टरला काय हाय?" मालकांनी विचारलं.

"मॅडमनी पावणेअकराला किल्ली नेली, अकराला परत दिली," कृष्णात जमिनीकडे बघत म्हणाला.

"गेली होतीस?"

"गेले होते. सुट्टीआधी स्विचचे दिवे तपासायला. किल्ली परत देऊन तशीच निघाले, नागपूरच्या गाडीसाठी. पण साहेब, मी पुसलं असतं तर मी जाईपर्यंत सगळं चालू कसं होतं?"

"तेच तर कसब आहे," ऋतुराज म्हणाला. "पुसलेला स्विच लगेच मरत नाही. बंद होऊन पुन्हा उठेपर्यंत जुन्याच आठवणीवर चालतो. तू सुट्टीला जाणार, मागं कधीतरी तो बंद होणार, आणि बोंब दुसऱ्याच्या नावानं."

यात चूक काही नव्हतं. दीप्तीच्या परीक्षेच्या पुस्तकात हे तिसऱ्या धड्यात होतं.

"माझा पासवर्ड तुम्हीही मागून घेतला होता, सर."

"मी? कधी?"

पासवर्ड मागताना साक्षीदार नव्हता.

"मला खोली बघू द्या, साहेब," दीप्ती म्हणाली. "हात लावणार नाही."

मालकांनी घड्याळ बघितलं. साडेबारा. "चारपर्यंत. हात लावलास तर तिथनंच जीपमध्ये घालीन."

सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची कोंदट खोली. मधोमध लोखंडी कपाट, त्यात स्विच, खाली यूपीएस. कपाटावर सुकलेल्या झेंडूचा हार. म्हणजे ती गेल्यावर इथं खंडेनवमीची पूजा झाली होती. स्विच चालू होता, पण दिवे नुसते पिवळे, झोपेतून उठून गाव विसरलेल्या माणसासारखे.

तिनं हात पाठीमागं बांधले आणि वाकून बघितलं. झेंडूच्या पाकळ्या. आंब्याचं पान. लॅपटॉपची वायर जिथं खोचतात त्या खाचेखाली एक सुकं जोडपान, मधोमध शीर आणि दोन्ही बाजूंना गोल पाकळी. मागच्या बाजूला पंखा गरगरत होता. जाळीआड, फिरत्या पात्यांवर एक बारीक लाल कडं दिसत होतं.

"हे लाल काय?" तिनं विचारलं.

"कुंकू असंल," कृष्णात म्हणाला. "पूजा आमच्या विठामावशीनं केली. साहेब लोक खाली भट्टीची करत हुते."

दीप्ती त्या कड्याकडे इतका वेळ बघत राहिली, की कृष्णातला वाटलं बाईला घेरी आली.

"कृष्णातदादा, नवमीनंतर ही खोली उघडली कुणी?"

"रजिस्टरला न्हाय. आज सकाळीच."

"दसऱ्याला कारखान्यात कोण आलतं?"

"कोण न्हाय ते इचारा. दसरा चौकातनं सोनं लुटून निम्मा स्टाफ साहेबांच्या पाया पडायला आलता. काल सोमवारची सुट्टी, चिटपाखरू न्हाय."

झाडलोट करणाऱ्या विठाबाई कँटीनमागं बसल्या होत्या. पुढ्यातला चहा तसाच गार झालेला. दीप्तीला बघताच त्या उठून चालू लागल्या.

"मावशी, थांबा की."

"मला काय ठावं न्हाय, पोरी."

"मी अजून विचारलंच नाही काही."

विठाबाई थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"पंख्याच्या पात्याला कुंकू कसं लावलं?"

"उदबत्तीची काडी जाळीतनं आत घातली. एक ठिपका."

"पंखा फिरत असताना?"

"फिरत्या पंख्यात काडी घालीन व्हय मी? येडी हाय का?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. तोंडावर हात गेला.

"मग बंद कुणी केला?"

विठाबाई खाली बसल्या. पत्र्यावर कावळा नाचत होता.

"म्या केला. खालचं ते मोठं बटन दाबून. चालत्या यंत्राला कुंकू लावत न्हाईत, पोरी. आधी त्याला निजवायचं, पुसायचं, मग लावायचं. भट्टी बंद, लेथ बंद, आन ह्येचंच काय कवतिक? सव्वाअकराला निजवलं, बाराच्या भोंग्याला उठवलं." त्यांचे डोळे भरले. "माझ्या बटनानंच मेलं ना ग ते? तुझ्यावर आळ आला तरी गप बसले मी. पंचवीस वर्सांची भाकरी हाय माझी हितं."

"मावशी, तुम्ही नाही मारलं त्याला. तुम्ही मला वाचवलंत. आता अजून एकच सांगा. झाडलोटीची किल्ली तुमच्याकडं असते. दसऱ्याला ती कुणी मागितली?"

विठाबाईंनी सांगितलं.

पावणेचार वाजता मालक जीपची किल्ली घेऊन उठले, तेव्हा केबिनच्या दारात दीप्ती उभी होती. मागं कृष्णात आणि विठाबाई.

"पाच मिनिटं, साहेब. ऋतुराजसर, नवमीला सकाळी तुम्ही कुठं होता?"

"पुण्याहून येत होतो. जेवणाला पोचलो. सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे पूजेला नव्हता. सर्व्हर रूम नवमीला बंद झाली होती?"

"सर्व्हर रूम कुणी बंद करतं का? कुठल्याच कंपनीत करत नाहीत. यूपीएस कशाला आहे?"

"हितं करत्यात," दाराआडून विठाबाई म्हणाल्या.

दीप्तीनं पंख्यातल्या लाल कड्याची गोष्ट सांगितली. फिरत्या पात्यावर ठिपका देता येत नाही. थांबलेल्या पात्यावर दिलेला ठिपकाच, पंखा फिरला की कडं होऊन दिसतो. म्हणजे नवमीला सव्वाअकरा ते बारा स्विच झोपला होता.

"मग काय झालं?" मालक म्हणाले.

"सर स्वतःच म्हणाले, पुसलेला स्विच झोपून उठला की कोरा उठतो. पाठांतर करून आलेल्या पोराची पाटी पुसली तरी ते धडाधड म्हणत राहतं. झोपून उठलं की सगळं गायब. मी दहा बावन्नला पुसलं असतं, तर बाराच्या भोंग्याला स्विच कोरा उठला असता. साहेब, प्रसाद घेऊन माणसं घरी कधी गेली?"

"एक वाजता."

"जाताना अंगठे लावले. ती हजेरी या स्विचमधूनच तुमच्या मोबाईलवर येते. बघा."

मालकांनी मोबाईल काढला. बोट वर सरकवत सरकवत थांबलं.

"एक वाजून चार मिनिटं," ते हळू म्हणाले. "एक्केचाळीस नावं."

"म्हणजे एक वाजता त्याला सगळं आठवत होतं. दहा बावन्नची नोंद खोटी आहे. स्विचचं घड्याळ हातानं मागं नेता येतं. ज्यानं पुसलं त्यानं आधी ते नवमीवर नेलं, काम केलं, पुन्हा पुढं आणलं. नवमीच का? कारण त्यानंतर मी नागपूरला होते आणि तिकीट माझ्याकडं आहे. मला अडकवायचं तर मी इथं असतानाचीच वेळ लागणार. रजिस्टरमध्ये ती आयती मिळाली. मधे मावशींनी यंत्र निजवलं होतं, हे पूजेला नसलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं."

"पुसलं कधी मग?"

"दसऱ्याला. लॅपटॉपच्या खाचेखाली आपट्याचं पान पडलंय. सोनं नवमीला कुणी वाटत नाही, आणि दसऱ्यानंतर आज सकाळपर्यंत खोली उघडल्याची नोंद नाही. खिशात सोनं घेऊन कुणीतरी वायर खोचायला वाकलं. या कारखान्यात ती वायर दोघांनाच खोचता येते. एक मी."

दुसऱ्याकडे सगळ्यांनी बघितलं.

"माझ्याकडनं किल्ली ह्यांनीच नेली," विठाबाई म्हणाल्या. "म्हणले, मावशी, मुहूर्त करायचाय, कुणाला बोलू नका. आन सोनं दिलं माझ्या हातात."

"मुहूर्त?" मालकांचा आवाज बदलला. "नेटवर्कची नवी मांडणी दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करतो म्हणालतास तू. मी इचारलं तर पुढं ढकलली म्हणालास."

ऋतुराजनं चष्मा काढला. चष्म्याशिवाय तो फार लहान दिसत होता.

"सुरू केली होती," तो म्हणाला. "संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त होता. एक आज्ञा चुकली आणि सगळं बंद पडलं. मागं कसं जायचं ते मला... पुस्तकात होतं. प्रश्न क्रमांकसुद्धा आठवत होता. उत्तर 'क' होतं, हेही आठवत होतं. पण 'क' म्हणजे काय, तेच आठवेना. बॅकअप म्हणून जे दाबलं, त्यानं तोही गेला." तो भिंतीकडे बघत होता. "बारा परीक्षा दिल्यात, साहेब. प्रश्न आधी मिळतात. खऱ्या यंत्राला मी पहिल्यांदाच एकट्यानं हात लावला."

"आणि आज कृष्णातदादांसमोर बंद-चालूचं नाटक करून माझ्या नावावर घातलंत," दीप्ती म्हणाली.

त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. 'क' सुद्धा नाही.

मालक खुर्चीत बसले. जीपची किल्ली टेबलावर पडली. "कोण दोषी ते कळलं. पण ट्रक सहाला सुटला न्हाय तर ऑर्डर गेली. कोऱ्या यंत्राचं काय करू मी, पूजा?"

दीप्तीनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली.

"सकाळपासून पिशवीतच होती. हात लावायची बंदी होती. मला सराव करायला यंत्रं नव्हती साहेब, म्हणून मी आपल्याच स्विचची सगळी मांडणी ओळ न् ओळ हातानं लिहून काढायची. तीनदा काढलीय. शेवटची गाडीत."

कृष्णातनं एक खुर्ची उचलली आणि जिन्याखालच्या खोलीत नेऊन ठेवली.

पाच वाजून वीस मिनिटांनी शेवटची ओळ टाइप झाली. दीप्तीनं वही मिटली.

"आता बंद करून उठवायला लागेल," ती म्हणाली. "नीट लिहिलं असेल तर आठवेल. नसेल तर नाही. मावशी, तुम्हीच दाबा."

विठाबाईंनी देवाचं नाव घेऊन मोठं बटण दाबलं. खोली चिडीचूप झाली. पंखा मंदावत थांबला आणि जाळीआड एका पात्यावर कुंकवाचा एकच गोल ठिपका दिसला. मालकांनी तो वाकून बघितला आणि बराच वेळ ते वाकलेलेच राहिले.

बटण पुन्हा दाबलं. ठिपका हलला, पळाला, त्याचं लाल कडं झालं. दिवे पिवळेच होते. एक मिनिट. दोन मिनिटं. विठाबाईंनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात गेटवरनं कृष्णातनं मुद्दाम लावलेल्या अंगठ्याला उत्तर आलं. भट्टी थंड असल्यामुळं ते अख्ख्या कारखान्याला ऐकू गेलं.

"थँक्यू."